दर्यावरचा मधुचंद्र

ज्या सागरी सफरीत जहाजावर राहणे हाच मुख्य हेतू असतो, तिला क्रूझ म्हणतात. बंदर लागते, जोडपे दोन-चार तास किनाऱ्यावर फिरून येते. पण झोपणे, जेवणे, पोहणे, नाटक-गाणी पाहणे हे सगळे जहाजावरच चालते. नव्या लग्नाच्या जोडप्यांना ही सफर सोयीची वाटते, कारण खोली एकदाच लावायची असते आणि गाव मात्र बदलत राहते. गाड्या बदलायच्या नाहीत, हॉटेले शोधायची नाहीत, सामान पुन्हा पुन्हा बांधायचे नाही. पनवेलच्या जोडप्याला आणखी एक सोय आहे. देशातले क्रूझचे मोठे बंदर त्यांच्यापासून खाडीपलीकडे, मुंबईत बॅलार्ड पियरला आहे.

पनवेलला समुद्रप्रवास नवा नाही. रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस बंदर ओलांडून होडीने पनवेलला उतरे आणि तिथून घाट चढे. 1830 मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वाट अधिकच वाहती झाली. पुढे 1856 मध्ये रेल्वे कल्याणमार्गे खोपोलीपर्यंत पोहोचली, प्रवासी तिकडे वळले आणि पनवेल बंदराचे महत्त्व ओसरत गेले. खाडी गाळाने भरत गेली. आज पनवेलच्या कोळीवाड्यात होड्या आहेत, निवटी या खाडीतल्या मासळीसाठी जीव टाकणारे खवय्येही आहेत, पण गाव समुद्राकडे पाठ करून महामार्ग, लोकल आणि आता विमानतळाकडे तोंड करून उभे आहे. 1852 मध्ये नगरपालिका मिळालेल्या आणि 2016 मध्ये महानगरपालिका झालेल्या या शहरातली तरुण मंडळी आता जहाजावर चढतात ती हौसेसाठी.

कोकणच्या आठवणीतली बोट गरजेची होती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला पोहोचायची. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी, आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून किनाऱ्याला जात. चाकरमान्यांची कितीतरी लग्ने या बोटींच्या वेळापत्रकाला धरून लागली, नव्या नवऱ्या याच बोटींनी सासरी आल्या. मात्र डेकवर सतरंजी पसरून काढलेल्या त्या रात्रीला कोणी मधुचंद्र म्हटले नाही. मधुचंद्रासाठी मध्यमवर्गीय मराठी जोडपी माथेरान, खंडाळा किंवा महाबळेश्वर गाठत. रस्ते सुधारले, एसटी गावोगावी पोहोचली आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण बोट बंद पडली.

मुंबई-गोवा जलमार्गावर प्रवासी पुन्हा रात्रीचा मुक्काम करू लागले ते ऑक्टोबर 2018 मध्ये, 'आंग्रिया' या सुमारे 400 प्रवाशांच्या जहाजावर. कान्होजी आंग्रे यांचे नाव ल्यालेले हे जहाज मोठ्या क्रूझच्या मानाने लहानच होते. 2019 मध्ये 'कर्णिका' आली. 1990 मध्ये इटलीत 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून बांधलेल्या या जहाजाचा डॉल्फिनसारखा आकार रेंझो पियानो या नामवंत वास्तुरचनाकाराने ठरवला होता. करोनाच्या टाळेबंदीत तिची कंपनी बुडाली आणि वर्षभरातच कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेली. सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून फेऱ्या करू लागलेले 'एम्प्रेस' हे जहाज मात्र टिकले. कॉर्डेलिया क्रूझेसच्या या जहाजावर आजवर महाराष्ट्रातल्या असंख्य जोडप्यांनी मधुचंद्र साजरा केला आहे.

एम्प्रेसचे वय तिच्या नव्या रंगावरून कळत नाही. तीही 1990 सालची, फ्रान्समधल्या सँ-नाझेरच्या गोदीत बांधलेली. 'नॉर्डिक एम्प्रेस' हे तिचे पहिले नाव. तिची लांबी 211 मीटर आणि ढोबळ टनेज 48,563 आहे. ढोबळ टनेज हे जहाजाचे वजन नसून त्याच्या आतल्या एकूण जागेचे माप असते, हे अनेकांना ठाऊक नसते. 2024 मध्ये सेवेत आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या जहाजाचे टनेज याच्या पाचपट आहे. एम्प्रेसच्या वयाचा संबंध मधुचंद्राशी थेट येतो. ती बांधली गेली त्या काळात खासगी बाल्कनीच्या खोल्यांची चाल नव्हती, त्यामुळे तिच्यावर बाल्कनी असलेल्या खोल्या मोजक्याच आहेत आणि लग्नसराईत त्या आधी संपतात.

लग्नसराई आणि सागरी हंगाम यांचे मराठी पंचांगात जवळपास जुळते. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की लग्ने थांबतात आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की पुन्हा मुहूर्त निघतात. अरबी समुद्रही याच सुमारास मिटतो आणि उघडतो. जूनमध्ये नैऋत्य मोसमी वारे सुरू झाले की कोकण किनाऱ्यावर उंच लाटा येतात. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते, आणि कोळी बांधव दर्याला नारळ वाहून नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटतात. कोकण बोटही पावसाळ्यात बंद असे. आजच्या क्रूझही त्याच शहाणपणाने वागतात: पावसाळ्यात मुंबईच्या फेऱ्या थांबतात आणि जहाज बंगालच्या उपसागराकडे, चेन्नईला जाते. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत ते मुंबईत असते.

हंगामातही सगळे महिने सारखे नसतात. अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या दोन टप्प्यांत येतात. मे 2021 मधले 'तौक्ते' मुंबईजवळच्या समुद्रात किती भीषण होते, हे पनवेल-उरणच्या लोकांना सांगावे लागत नाही. वादळाचा इशारा मिळाल्यावर जहाज मार्ग बदलते किंवा फेरीच रद्द होते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत शांत. मार्गशीर्ष किंवा माघातल्या मुहूर्तावर लग्न झालेल्यांना याचा आपोआप लाभ मिळतो. मेच्या शेवटच्या आठवड्यातल्या लग्नानंतर लगेच क्रूझ घेणे म्हणजे नशिबाची परीक्षा घेणे होय.

लग्नानंतर लगेच निघता येते असेही नाही. पनवेल परिसरातल्या आगरी, कोळी, कराडी घरांत हळद जितक्या थाटात होते तितकेच लग्नानंतरचे विधीही होतात: सत्यनारायणाची पूजा, कुलदैवताला जोडीने जाणे, कोणाकडे कार्ल्याची एकवीरा, कोणाकडे जेजुरीचा खंडोबा, कोणाकडे जागरण-गोंधळ. त्यानंतर नवरीचे माहेरी जाऊन येणे. जहाज ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या तासाला सुटते, नातेवाइकांसाठी थांबत नाही. म्हणून अक्षतांचा दिवस आणि जहाजाचा दिवस यांत आठ-दहा दिवसांची मोकळीक ठेवणारे जोडपे सुखी असते. क्रूझच्या तिकिटात तारीख जसजशी जवळ येते तसतसे रद्द करण्याचे शुल्क वाढत जाते आणि शेवटच्या दिवसांत पैसे जवळपास बुडतातच. घरात सुतक आले, ही सबब मराठी मनाला पुरेशी असली तरी आरक्षणाच्या नियमात बसत नाही. प्रवास विम्याच्या अटी वाचून घेणे त्यामुळे गरजेचे ठरते.

कागदपत्रांत नवविवाहितांची एक खास अडचण होते. समाजमाध्यमांवर नवरीचे नाव बदललेले असते, आधार कार्डावर आणि पासपोर्टवर मात्र माहेरचेच असते. हौसेने नव्या नावाने तिकीट काढले आणि ओळखपत्र जुन्या नावाचे निघाले, तर धक्क्यावर अडवले जाते. देशांतर्गत फेरीसाठी सरकारी छायाचित्र ओळखपत्र चालते, परदेशी बंदराला जाणाऱ्या फेरीसाठी पासपोर्ट लागतो आणि तो प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा लागतो. तिकिटावरचे नाव ओळखपत्राशी अक्षरश: जुळले पाहिजे. नाव बदलायचेच असेल तर ते परतल्यावर, विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र हातात पडल्यावर सावकाश करावे.

पनवेलहून बॅलार्ड पियर गाठण्याचे दोन मार्ग आहेत. हार्बर लाइनची लोकल सुमारे 80 मिनिटांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते आणि तिथून टॅक्सीने धक्का अगदी जवळ आहे. सुटकेस मोठ्या असतील तर गर्दीच्या वेळी हा मार्ग टाळलेला बरा. दुसरा मार्ग 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूचा. 21.8 किलोमीटरच्या या पुलाचा साडेसोळा किलोमीटर भाग पाण्यावर आहे. उलवे-गव्हाणकडून पुलावर चढलेली गाडी शिवडीला उतरते. ज्या खाडी-बंदरातून एके काळी पनवेलचे मचवे मुंबईला जात, त्याच पाण्यावरून ही वाट जाते.

इंदिरा डॉकजवळच्या बॅलार्ड पियरवरून विलायतेला जाणाऱ्या बोटी सुटत. तिथल्या नव्या मुंबई आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले. आतली पद्धत विमानतळासारखी असते: मोठे सामान आधीच सोपवायचे, ते नंतर खोलीच्या दाराशी येते. तपासणीत बाहेरची दारू काढून घेतली जाते. इस्त्री, किटली, मेणबत्त्या, अगरबत्ती यांनाही मनाई, कारण जहाजावर आगीची भीती बुडण्याइतकीच असते. घरी केलेले खाद्यपदार्थ बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या लाडू-चिवड्याचा डबा धक्क्यावरच राहण्याची शक्यता मोठी.

चढल्यावर प्रत्येक प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळी खरेदी कार्डावर लिहिली जाते. त्यानंतर आपत्कालीन सराव होतो. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की आपल्या नेमून दिलेल्या जागी जमायचे, जीवरक्षक जॅकेट कसे बांधायचे ते पाहायचे. अनेक जोडपी या वेळात फोटो काढत बसतात. या सरावामागे मोठी किंमत मोजलेली आहे. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाल्यावर समुद्रावरील जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्यावर 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. तेव्हापासून नियम कडक झाला आणि जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी सराव घेणे बंधनकारक झाले.

मधुचंद्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय खोलीचा. जहाजावर तिला केबिन म्हणतात आणि तिचे साधारण चार प्रकार असतात. आतल्या केबिनला खिडकी नसते. दिवे मालवले की दुपारी बारालाही मिट्ट काळोख. समुद्राकडच्या केबिनला न उघडणारी गोल किंवा चौकोनी खिडकी असते. त्यापुढे बाल्कनीची केबिन आणि शेवटी स्वीट. जाहिरातीत नेहमी शेवटच्या दोन दिसतात, स्वस्त दर मात्र पहिलीचा छापलेला असतो. एम्प्रेससारख्या जुन्या जहाजावरची आतली केबिन 120 चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. दोघे मित्र असते तर ती पुरली असती, कारण दिवसभर बाहेरच हिंडायचे. नव्या जोडप्याचे गणित वेगळे आहे. जहाजावर शेकडो लोक असतात, पोहण्याच्या तलावापाशी मुलांचा कल्ला असतो, डेकवर कोण्या कंपनीची सहल नाचत असते. दार लावून घेता येईल अशी एकच जागा म्हणजे केबिन. पनवेलमध्ये दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सासू-सासरे, दीर यांच्यासह संसार सुरू होणार असेल, तर या चार भिंतींची किंमत आणखी वाढते. दारूच्या किंवा खास जेवणाच्या पॅकेजवर उधळण्यापेक्षा तेच पैसे खिडकीच्या केबिनवर घालणे केव्हाही शहाणपणाचे. आरक्षणाच्या वेळी दोन पलंग जोडून देण्यास सांगावे लागते, नाहीतर केबिनमध्ये दोन कोपऱ्यांत दोन अरुंद पलंग भेटतात.

केबिन कुठे आहे यावरही सुख अवलंबून असते. जहाज लाटांवर पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे झुलते. ही हालचाल दोन्ही टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर सर्वांत कमी जाणवते. बोट लागते ती कानाच्या आतल्या तोलाच्या इंद्रियामुळे. ते शरीर हलत असल्याचे कळवते आणि डोळ्यांना मात्र भिंती स्थिर दिसतात. मेंदूचा त्या विसंगतीने गोंधळ उडतो व मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखी स्थिरके असतात, ती डावी-उजवी झुलण बरीच कमी करतात. तरीही त्रास झालाच तर डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, आल्याचा तुकडा चघळावा, पोट रिकामे ठेवू नये. गोळी घ्यायची ती डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू होण्याआधी. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गाढ झोप येते, हे मधुचंद्राच्या पहिल्या रात्री लक्षात ठेवण्याजोगे.

जहाज साधारणपणे दुपारनंतर किंवा सायंकाळी सुटते. कुलाब्याच्या टोकापलीकडचे, 1875 पासून उभे असलेले प्राँग्ज दीपगृह मागे पडते. नंतर अलिबागसमोर खांदेरीचा दिवा. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 मराठा किल्ल्यांमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्ले आहेत. चारही याच मार्गाच्या कडेला आहेत, पण जहाज किनाऱ्यापासून दूरवरून आणि बराचसा मार्ग अंधारात कापते, त्यामुळे कोकण दिसते ते फार तर दिव्यांच्या रेषेसारखे. किनारा पाहायच्या आशेने गेलेल्यांची इथे निराशा होते. जुन्या बोटीतून बंदरागणिक गाव दिसे. क्रूझवर चारी बाजूंना पाणीच. मोबाइलचे नेटवर्कही किनारा सुटल्यावर लवकरच जाते. मग फोन आपसूक जहाजाच्या उपग्रह जोडणीला चिकटू शकतो आणि तिचे दर भरमसाठ असतात. फोन विमानप्रवासाच्या स्थितीत ठेवला की हे बिल टळते. आईला "पोहोचलो" कळवायचे असेल तर जहाज सुटण्यापूर्वीच सांगून ठेवणे बरे.

दुसऱ्या दिवशी जहाज गोव्यात मुरगाव बंदराला लागते. काही फेऱ्यांत पूर्ण दिवस, काहींत केवळ काही तास मिळतात. मुरगावहून पणजी किंवा कलंगुटला जाऊन येण्यात बराच वेळ रस्त्यात मोडतो. परतीची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची दिलेली असते आणि उशीर करणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. एवढ्या वेळात वास्कोजवळचा बोगमाळोचा किनारा किंवा एखादे जुने देऊळ निवांत पाहता येते. गोवा नीट पाहायचा असेल तर क्रूझ हे त्याचे साधन नव्हे.

पाच-सहा दिवस हाताशी असतील त्यांच्यासाठी लक्षद्वीपची फेरी अधिक सरस आहे. तिथल्या प्रवाळ बेटांभोवतीची उथळ, निळी-हिरवी खारकच्छे मुंबई-गोव्याच्या गढूळ पाण्यानंतर वेगळ्याच जगातली वाटतात. त्या उथळपणामुळेच मोठे जहाज बेटाला लागू शकत नाही. ते बाहेर उभे राहते आणि प्रवासी लहान बोटींतून अगत्तीसारख्या बेटावर जातात, जुन्या कोकणातल्या पडावाच्या तऱ्हेने. लाटा मोठ्या असल्या तर उतरणेच रद्द होते, आणि त्याचे पैसे परत मिळतातच असे नाही. लक्षद्वीपमध्ये जाण्यासाठी इतर भारतीयांना प्रवेश परवाना लागतो; क्रूझच्या प्रवाशांसाठी कंपनी तो काढते, पण कागदपत्रे वेळेवर द्यावी लागतात. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, लोक धार्मिक वृत्तीचे आहेत, पोशाखाचे भान ठेवावे लागते. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो.

खर्चाचा हिशेब जाहिरातीवरून करू नये. छापलेला दर बहुधा माणशी असतो आणि दोघे एका केबिनमध्ये राहतील असे धरून असतो. म्हणजे जोडप्याला तो दुप्पट. त्यावर बंदर शुल्क, सेवा बक्षिशी आणि जीएसटी. दरात केबिन, मुख्य भोजनगृहातले जेवण, तलाव आणि नाट्यगृहातले कार्यक्रम येतात. शीतपेये व दारू, वाय-फाय, मसाज, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांचे वेगळे द्यावे लागतात. भारतीय फेऱ्यांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. मासे खाणाऱ्या पनवेलकरांना मात्र घरच्या कालवणाची सर तिथे मिळण्याची आशा नसावी.

सिंगापूरहून मलेशिया-थायलंडकडे जाणाऱ्या क्रूझही मराठी जोडप्यांत लोकप्रिय आहेत. तिथली जहाजे नवी आणि मोठी असल्याने बाल्कनीची केबिन सहज मिळते. त्यात व्हिसाची एक खोच आहे. जहाज सिंगापूर सोडून पुन्हा सिंगापूरलाच येते, त्यामुळे तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा असावा लागतो. युरोपात भूमध्य समुद्रातली क्रूझ शेंगेन देशांबाहेरच्या बंदराला जाऊन येत असेल, तर तोच नियम. पनवेल तालुक्यातच उभ्या राहिलेल्या नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली आहेत, तेव्हा या बेताचा पहिला टप्पाही हळूहळू दाराशी येतो आहे.

सफरीच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे आणि औषधे आधी हातातल्या पिशवीत काढून न ठेवणारी जोडपी रात्रीच्या पोशाखात उतरतात, असे किस्से खलाशी हसत सांगतात. कार्डावरचे बिल रात्रीच तपासावे. सकाळी हिशेबाच्या खिडकीपाशी लांब रांग लागते आणि चुकीची नोंद धक्क्यावर उतरल्यावर दुरुस्त करून घेणे कठीण जाते. केबिन सकाळी लवकर रिकामी करावी लागते, कारण त्याच दिवशी पुढची जोडपी चढणार असतात. काही फेऱ्यांत मुंबई-गोवा एवढेच एकेरी तिकीट मिळते. असे प्रवासी गोव्यात दोन दिवस राहतात आणि मडगावहून कोकण रेल्वेने परततात. या मार्गावरच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबत असल्याने त्यांना मुंबईपर्यंत जाऊन मागे यावे लागत नाही.